वाचकांचे प्रश्न : स्टीरिओ जोडणारी केबल निवडताना

सीडी प्लेअर, डॅक (डिजिटल सिग्नलचा अॅनालॉग सिग्नल करणारं उपकरण) किंवा टर्नटेबलचा सिग्नल अँप्लिफायरपर्यंत नेणाऱ्या केबलबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. स्पीकरच्या वायरचं गणित अगदी वेगळं असतं, त्यामुळे तो विषय इथे नाही.

प्रश्न : सीडी प्लेअर आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये एक मीटरची आरसीए केबल (मधली पिन आणि भोवती कडं अशा प्लगची) घ्यायची आहे. खोक्यावर ऑक्सिजनविरहित तांबं, चांदीचा मुलामा, सोन्याचे प्लग असं बरंच काही लिहिलेलं असतं. यातलं नेमकं काय पाहायचं?

उत्तर : जाळी (मधल्या तारेभोवतीचं धातूचं वेष्टन) पाहा, प्लगची पकड पाहा आणि लांबी पाहा. मधल्या तारेच्या धातूवर वेगळा पैसा घालू नका.

सीडी प्लेअरच्या आउटपुटवर सिग्नल टिपेला असताना साधारण २ व्होल्ट येतात. अँप्लिफायरच्या इनपुटचा इम्पिडन्स (एसी सिग्नलला होणारा रोध) १० हजार ते ५० हजार ओहम असतो. तो ४७ हजार ओहम धरला, तर केबलमधून ०.०५ मिलिअँपिअर करंटसुद्धा जात नाही. चांदी तांब्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी चांगली वाहक आहे हे खरं. पण त्यामुळे मधल्या तारेचा रोध ०.०५ ओहमवरून ०.०४७ ओहमवर येईल, आणि पुढे इनपुटचे ४७ हजार ओहम तसेच उभे असतील. उच्च वारंवारतेला करंट तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो, हा मुद्दाही विक्रेते सांगतात. तांब्यात २० किलोहर्ट्झला करंट पृष्ठभागापासून सुमारे ०.४६ मिलिमीटर आतपर्यंत वाहतो. केबलमधली तार मुळात अर्धा मिलिमीटर जाडीची, त्यामुळे आवाजाच्या पट्ट्यात हा परिणाम मोजण्याइतकाही उरत नाही.

जाळीचं मात्र तसं नाही. आरसीए जोडणीत जाळी बाहेरचा विद्युत गोंगाट अडवते आणि सिग्नलची परतीची वाटही तीच असते. प्लेअर आणि अँप्लिफायर वेगवेगळ्या ट्रान्सफॉर्मरवर चालतात. दोघांच्या चेसीमध्ये (धातूच्या खोक्यांमध्ये) थोडा विद्युतदाबाचा फरक राहतो आणि त्यातून निघणारा गळतीचा करंट या जाळीतूनच वाहतो. जाळीच्या रोधावर त्याने जो व्होल्टेज पडतो तो थेट सिग्नलमध्ये मिसळतो, कारण इनपुटला तो वेगळा ओळखता येत नाही. १ मिलिअँपिअर गळती आणि ०.०५ ओहम जाळी असेल तर ५० मायक्रोव्होल्ट मिसळतात. ते २ व्होल्टच्या सिग्नलपेक्षा ९२ डेसिबल खाली असतात, म्हणजे ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. जाळी पातळ असेल आणि तिचा रोध दहापट झाला, तर हीच पातळी ७२ डेसिबलवर येते. संवेदनशील स्पीकरवर, शांत खोलीत, दोन गाण्यांच्या मध्ये ती गुणगुण कानाला लागू शकते.

म्हणून दाट विणलेली तांब्याची जाळी असलेली केबल घ्या. नुसती फॉइल आणि सोबत एक बारीक तार, किंवा एकाच दिशेने गुंडाळलेल्या मोजक्या तारा, हे दोन्ही प्रकार इथे कमी पडतात. घरी तपासायचं तर मल्टिमीटरचे दोन प्रोब आधी एकमेकांना टेकवून आकडा पाहा, मग केबलच्या दोन टोकांच्या बाहेरच्या कड्यांवर टेकवा. एक मीटरच्या केबलमध्ये या दोन आकड्यांत फरक दिसता कामा नये. ०.३ ओहमचा फरक दिसला तर जाळी तरी पातळ आहे किंवा जोड तरी कच्चा आहे.

सोन्याचा मुलामा उपयोगी आहे, कारण सोनं गंजत नाही आणि संपर्क वर्षानुवर्षं टिकतो. वाहक म्हणून ते तांब्यापेक्षा कमीच आहे. प्लग सॉकेटवर घट्ट, पण हाताने थोडा फिरवत निघेल इतपत बसायला हवा. फार आवळून बसणारे प्लग ओढून काढताना स्वस्त उपकरणांची सॉकेटं सर्किट बोर्डापासून सुटतात. प्लगच्या नळीची जाडीही बघून घ्या. सॉकेटं जवळजवळ असतील तर जाड प्लग शेजारीशेजारी बसतच नाहीत. लांबी गरजेपुरती, वर वळणासाठी वीतभर.

प्रश्न : माझ्या केबलवर बाण छापलेला आहे. उलट लावली तर काय होईल?

उत्तर : सिग्नल एसी असतो, तो दोन्ही दिशांनी जातो. तांब्याला दिशा नसते. तरी बाणाला एका रचनेत अर्थ आहे. काही केबलमध्ये आत दोन तारा असतात. एक सिग्नलची, दुसरी परतीची, आणि जाळी फक्त एकाच टोकाला जोडलेली असते. हे टोक सिग्नल पाठवणाऱ्या उपकरणाकडे ठेवायचं, म्हणून बाण प्लेअरकडून अँप्लिफायरकडे. उलट लागली तर बिघाड काहीच होत नाही, फार तर गोंगाट थोडा वाढतो. एकच तार आणि जाळी असलेल्या साध्या केबलवरचा बाण दुर्लक्षित करा.

प्रश्न : टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स आणि लॅपटॉप दोन्ही अँप्लिफायरला जोडले आहेत. सतत गुणगुण येते. जाड, महाग केबल लावली, तरीही थांबली नाही. आता कोणती केबल घ्यावी?

उत्तर : आता कोणतीच घेऊ नका. तुमच्या वर्णनावरून हा अर्थिंगचा लूप दिसतो. दोन उपकरणं एकमेकांना दोन वाटांनी अर्थ झाली की त्या वेढ्यातून करंट फिरतो. चांगल्या जाळीने तो थोडा कमी त्रास देतो, पण वेढा तुटत नाही. शोध या क्रमाने घ्या.

आधी व्हॉल्यूम शून्यावर आणा. गुणगुण तेवढीच राहिली तर ती अँप्लिफायरच्या आतली आहे, केबलचा संबंध नाही. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होत असेल तर अँप्लिफायर बंद करून सगळे इनपुट काढा आणि पुन्हा सुरू करा. शांत झाला तर एकेक उपकरण जोडत जा. प्रत्येक वेळी जोडण्याआधी अँप्लिफायर बंद ठेवा, कारण आरसीए प्लगमध्ये मधली पिन बाहेरच्या कड्याच्या आधी टेकते आणि त्या क्षणी स्पीकरमध्ये मोठा धक्का बसतो.

केबलचं एक टोक अँप्लिफायरमध्ये ठेवून दुसरं मोकळं सोडलं तर ती अँटेनासारखी घरघर पकडणारच. त्यावरून केबल खराब ठरवू नका. मोकळ्या टोकाला शॉर्टिंग प्लग लावा, म्हणजे मधली पिन आणि कडं जोडलं जाईल. आता शांतता असेल तर केबल चांगली आहे आणि दोष लूपचा आहे.

यानंतर सेट-टॉप बॉक्सला येणारी अँटेनाची किंवा डिशची कोॲक्स वायर काढून पाहा. बहुतेक घरांत गुणगुण इथेच थांबते, कारण ती वायर गच्चीवर किंवा इमारतीत दुसरीकडे अर्थ झालेली असते. उपाय म्हणजे त्या वायरमध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन धातूची सलग वाट तोडणारा भाग) बसवणं. डिशची वायर असेल तर डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) याच वायरीतून डीसी वीज जाते आणि साधा आयसोलेटर ती अडवतो. त्यामुळे तिथे तो लावू नका.

लॅपटॉपसाठी चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. माउस हलवल्यावर बदलणारी बारीक किरकिर चार्जर काढताच गेली तर लूपची वाट चार्जरमधून आहे हे ठरलं. लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटऐवजी ऑप्टिकल आउटपुट असलेला यूएसबी अडॅप्टर आणि तिथून ऑप्टिकल इनपुटचा डॅक वापरा. ऑप्टिकल केबलमध्ये धातू नसल्याने लूप तिथेच तुटतो. ते जमत नसेल तर सिग्नलच्या वाटेत १:१ चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. अगदी छोटे ट्रान्सफॉर्मर खालच्या सुरांना संपृक्त होतात आणि तबल्याचा बाया किंवा बास गिटार फाटल्यासारखी वाजते. त्यामुळे २० हर्ट्झपर्यंत २ व्होल्टचा सिग्नल झेलणारा घ्या.

सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतल्यानेही बऱ्याचदा फरक पडतो आणि त्याला खर्च नाही. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय मात्र कुणी सांगितला तरी करू नका. धातूच्या चेसीच्या अँप्लिफायरमध्ये इन्शुलेशन निकामी झालं तर त्या पिनेशिवाय सगळं खोकं जिवंत होतं. आरसीएमधून जोडलेली बाकीची उपकरणंही त्याच्याबरोबर जिवंत होतात.

गुणगुण एकाच बाजूच्या स्पीकरमध्ये असेल तर वेगळी तपासणी करा. प्लेअरच्या टोकाला डावा-उजवा प्लग अदलाबदल करा. गुणगुण बाजू बदलली तर दोष प्लेअरमध्ये आहे. आहे त्याच बाजूला राहिली तर केबलचा तो पदर किंवा त्यापुढचं इनपुट. अशा वेळी त्या पदराची जाळी प्लगपाशी तुटलेली सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

प्रश्न : टर्नटेबलला आता लांब केबल लावली. तेव्हापासून ‘स’ आणि झांजा टोचायला लागल्या आहेत. केबलने एवढा फरक पडतो का?

उत्तर : टर्नटेबलच्या बाबतीत पडतो, आणि त्याची आकडेमोड करता येते. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजच्या (सुईच्या कंपनांचा सिग्नल करणाऱ्या भागाच्या एका प्रकाराच्या) कॉइलचा इंडक्टन्स (बदलत्या करंटला होणारा विरोध) साधारण ४०० ते ६०० मिलिहेन्री असतो. केबलचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) त्याच्याशी मिळून एका वारंवारतेला अनुनाद करतो. त्या जागी आवाज उचलला जातो आणि त्याच्या वर झपाट्याने पडतो.

इथे सगळ्या कपॅसिटन्सची बेरीज धरायची. समजा टोनआर्मच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीच्या) आतली वायर ३० पिकोफॅरड, १०० पिकोफॅरड प्रति मीटरची १.२ मीटर केबल म्हणजे १२०, आणि फोनो प्रीअँप्लिफायरचं (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या उपकरणाचं) इनपुट १५०. एकूण ३००. कॉइल ५०० मिलिहेन्रीची असेल तर अनुनाद १३ किलोहर्ट्झला येतो, म्हणजे बरोबर झांजांच्या आणि ‘स’च्या पट्ट्यात. तेवढ्याच लांबीची केबल ५० पिकोफॅरड प्रति मीटरची घेतली आणि प्रीअँप्लिफायरचा कपॅसिटन्सचा स्विच ५० वर ठेवला, तर बेरीज १४० होते आणि अनुनाद १९ किलोहर्ट्झपर्यंत वर सरकतो.

कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात शिफारस केलेला लोड कपॅसिटन्स दिलेला असतो; बऱ्याच कार्ट्रिजना १०० ते २०० पिकोफॅरड लागतो, काहींना जास्त. तुमची बेरीज त्या मर्यादेत आणा. फार कमी करूनही चालत नाही, वरचे सूर मंदावतात. केबल मोजायची तर दोन्ही टोकं मोकळी करून कपॅसिटन्स मोजणाऱ्या मल्टिमीटरने मधली पिन आणि कडं यांच्यामध्ये मोजा, आणि प्रोबचा स्वतःचा आकडा वजा करा. केबल टर्नटेबललाच कायमची जोडलेली असेल तर आधी कार्ट्रिज सोडवा, नाहीतर कॉइलमुळे आकडा चुकतो.

मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचा इंडक्टन्स नगण्य असतो, त्यामुळे तिथे कपॅसिटन्सची काळजी सोडा. पण तिचा सिग्नल जेमतेम ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट असतो, म्हणून जाळी सगळ्यात चांगली हवी आणि केबल अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून दूर न्यायला हवी. दोन्ही प्रकारांत टर्नटेबलची वेगळी अर्थ वायर फोनो प्रीअँप्लिफायरच्या स्क्रूला लावायला विसरू नका.

प्रश्न : अॅक्टिव्ह (आतच अँप्लिफायर असलेले) स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहेत, १० मीटर केबल लागेल. आरसीए चालेल की एक्सएलआर (तीन पिनांच्या प्लगची) हवी? मध्ये पॅसिव्ह (विजेशिवाय चालणारा) व्हॉल्यूम कंट्रोल लावायचा विचारही आहे.

उत्तर : दोन वेगळे धोके आहेत. पहिला वरचे सूर जाण्याचा. १० मीटर केबलचा कपॅसिटन्स साधारण १,००० पिकोफॅरड होतो. डॅकचा आउटपुट इम्पिडन्स ५०० ओहम असेल तर सिग्नल ३ डेसिबलने उतरतो तो थेट ३०० किलोहर्ट्झच्या पुढे, काळजी नाही. पॅसिव्ह कंट्रोलने चित्र पालटतं. त्यातल्या पोटेन्शिओमीटरचा (फिरवून बदलता येणाऱ्या रोधाचा) आउटपुट इम्पिडन्स आवाज ६ डेसिबलने उतरवलेला असताना सर्वाधिक, म्हणजे त्याच्या एकूण रोधाच्या चौथ्या हिश्शाएवढा असतो. ५० हजार ओहमचा असेल तर १२,५०० ओहम, आणि १,००० पिकोफॅरडबरोबर ३ डेसिबलची घट १२.७ किलोहर्ट्झलाच येते. वरचे सूर कोमेजल्याचं स्पष्ट ऐकू येईल. १० हजार ओहमचा असेल तर ती मर्यादा ६४ किलोहर्ट्झला जाते आणि २० किलोहर्ट्झला फक्त ०.४ डेसिबल कमी होतात. तेव्हा पॅसिव्ह कंट्रोल लावायचाच असेल तर १० हजार ओहमचा घ्या आणि तो स्पीकरजवळ ठेवा, डॅकजवळ नव्हे.

दुसरा धोका गुणगुणीचा. लांबीबरोबर जाळीचा रोध वाढतो आणि स्पीकर बहुधा वेगळ्या भिंतीवरच्या सॉकेटवर असतात. इथे एक्सएलआरचा खरा उपयोग होतो. सिग्नल पिन २ आणि ३ वर एकमेकांच्या उलट जातो, इनपुट दोघांतला फरक घेतं, त्यामुळे दोन्हीवर सारखाच बसलेला गोंगाट वजा होतो. जाळी पिन १ वर, सिग्नलच्या वाटेबाहेर. दोन्हीकडे सोय असेल तर १० मीटरला एक्सएलआरच घ्या.

डॅकला फक्त आरसीए असेल आणि स्पीकरला एक्सएलआर, तरी बराच फायदा मिळवता येतो. दोन तारा आणि जाळी असलेली मायक्रोफोन केबल घ्या. आरसीएच्या टोकाला पहिली तार मधल्या पिनला, दुसरी तार आणि जाळी दोन्ही कड्याला. एक्सएलआरच्या टोकाला पहिली तार पिन २, दुसरी पिन ३, जाळी पिन १. बाजारात मिळणाऱ्या तयार केबलमध्ये अनेकदा एक्सएलआरच्या टोकाला पिन १ आणि ३ आतच जोडलेल्या असतात आणि सगळा लाभ जातो. विकत घेण्याआधी मल्टिमीटरने किंवा विचारून खात्री करा. उलट जोडणी, म्हणजे एक्सएलआर आउटपुटमधून आरसीए इनपुट, करताना पिन ३ अर्थला जोडायची की मोकळी ठेवायची हे आउटपुटच्या सर्किटवर ठरतं. माहितीपत्रक पाहिल्याशिवाय ती जोडू नका.

प्रश्न : डिजिटल कोॲक्सिअल आउटपुटला साधी आरसीए केबल चालते का?

उत्तर : मीटरभर अंतरात बहुतेक वेळा वाजते. पण ती जोडणी ७५ ओहमची आहे. वेगळ्या इम्पिडन्सच्या केबलमध्ये सिग्नल टोकांवरून परावर्तित होतो. जुन्या व्हिडिओ केबलच्या पिवळ्या प्लगची वायर ७५ ओहमची असते, ती बिनधास्त वापरा. डिजिटल केबल कमी पडली तर टिकटिक येते, आवाज क्षणभर तुटतो किंवा डॅक सिग्नल पकडतच नाही. बास कमी झाला, गायक मागे गेला, असं तिच्यामुळे होत नाही. ऑप्टिकल केबल घेतलीत तर तिला तीव्र कोनात वाकवू नका आणि टोकावरची टोपी काढायला विसरू नका.

प्रश्न : केबल बदलल्यावर आवाज खुलल्यासारखा वाटला. हा भास होता का?

उत्तर : भास असेलच असं नाही. जुना प्लग काढून नवा लावताना सॉकेटवरचा ऑक्साइडचा थर घासला जातो आणि आधी कच्चा असलेला संपर्क पक्का होतो. जुनीच केबल दोन-तीनदा फिरवत काढून घालून पाहा. तोच फरक मिळाला तर केबलचे पैसे वाचले. दोन केबलची तुलना करायची तर दुसऱ्या कुणाला त्या बदलायला सांगा, कोणती लावली आहे हे तुम्हाला कळू देऊ नका आणि व्हॉल्यूमला हात लावू नका. आरसीएची तुलना एक्सएलआरशी करताना तर पातळी जुळवलीच पाहिजे, कारण एक्सएलआर आउटपुट सहसा ६ डेसिबल मोठं असतं आणि मोठा आवाज नेहमीच जास्त चांगला वाटतो. १ किलोहर्ट्झचा सूर वाजवून स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा आणि दोन्ही वेळा एक टक्क्याच्या आत आणा.

प्रश्न : केबल घरी बनवायची आहे. सामान आणि कृती सांगाल का?

उत्तर : नक्की बनवा, थोड्या सरावाने ही केबल तयार केबलच्या तोडीची होते. एक मीटरच्या जोडीसाठी सव्वादोन मीटर केबल, चार आरसीए प्लग, ०.८ मिलिमीटरचं ६०/४० सोल्डर, २५ ते ४० वॉटची सोल्डरिंग आयर्न, धारदार पातं, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मल्टिमीटर एवढं लागेल.

केबल निवडताना तीन सापळे आहेत. टीव्हीसाठी मिळणाऱ्या कोॲक्समध्ये बऱ्याचदा जाळी ॲल्युमिनिअमची असते आणि तिला साधं सोल्डर धरत नाही. आरजी-५९ प्रकारची कोॲक्स घ्या, पण तांब्याची जाळी असलेलीच. फोमचं इन्शुलेशन उष्णतेने लगेच मऊ होतं आणि मधली तार सरकून जाळीला टेकते. सवय होईपर्यंत भरीव पॉलिथिलीनचं बरं. आणि गिटारसाठीच्या केबलमध्ये जाळीच्या खाली काळ्या, वीजवाहक प्लॅस्टिकचा एक पातळ थर असतो. तो सोललेल्या मधल्या तारेपासून निदान ३ मिलिमीटर मागेपर्यंत काढावाच लागतो. राहिला तर सिग्नल त्यातून गळतो आणि आवाज कमजोर येतो, आणि बाहेरून काहीच चुकलेलं दिसत नाही.

प्लगची नळी आणि आतली प्लॅस्टिकची बाही सगळ्यात आधी केबलवर ओवून घ्या. मग बाहेरचं आवरण १० मिलिमीटर सोला, जाळीच्या तारा कापल्या जाऊ न देता. जाळी उलगडून एका बाजूला पिळा. मधल्या तारेचं इन्शुलेशन ४ मिलिमीटर सोला. तार, पिळलेली जाळी आणि प्लगचे दोन्ही टर्मिनल यांना आधी वेगवेगळं सोल्डर लावून घ्या. त्यामुळे प्रत्यक्ष जोडताना उष्णता कमी वेळ द्यावी लागते. सोल्डरिंग आयर्न ३५० अंश सेल्सिअसला ठेवून मधला जोड दोन-तीन सेकंदांत उरका. कड्याच्या टर्मिनलला धातू जास्त असल्याने चार-पाच सेकंद लागतील. जोड चमकदार आणि तारेला वेढून बसलेला हवा. गोळीसारखा वर बसलेला, मळकट जोड कच्चा असतो, तो पुन्हा तापवा. थंड झाल्यावर प्लगची पकड केबलच्या बाहेरच्या आवरणावर आवळा, जाळीवर नव्हे, म्हणजे ओढ सोल्डरवर येणार नाही. सोल्डरमधून सुटलेला चिकट फ्लक्स अल्कोहोलने पुसा.

शेवटी मल्टिमीटर. पिन ते पिन आणि कडं ते कडं जोड मिळायला हवा. पिन ते कडं, २० मेगाओहमच्या रेंजवर, काहीच आकडा येता कामा नये. तिथे काही किलोओहम दिसले तर काळा थर राहिला आहे किंवा फ्लक्स जळला आहे. प्रोब लावलेले असतानाच दोन्ही प्लगपाशी केबल हलवून, वाकवून बघा. आकडा उड्या मारू लागला तर तो प्लग उघडून पुन्हा सोल्डर करा. पहिल्यांदा लावताना अँप्लिफायर बंद ठेवा आणि सुरू केल्यावर व्हॉल्यूम शून्यापासून हळूहळू वाढवा.